चौसष्ट कोणाले?

"चौसष्ट कोणाले?"

निकालाच्या दिवशी आमच्या बाईंचा हा पहिला प्रश्न असायचा. पहिलं कोण आलं, गावची मुलं किती, शहरातली किती, यातलं काही त्या विचारत नसत. चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, पदर खोचायचा, टेबलाच्या खणातून लाकडी फूटपट्टी काढायची आणि विचारायचं, चौसष्ट गुण कोणाले मिळाले? कोणालाच नाही असं कळलं की पट्टी खणात परत, आणि बाई चहा टाकायला मोकळ्या.

आम्ही त्यावर बरीच डोकी लढवली. कोणी म्हणे त्यांच्या मनात काही नवस असेल. आमच्या लिपिकाची खात्री होती की हा सरळसरळ शुभअंकाचा मामला आहे, आणि त्यानं लॉटरीत तो आकडा लावूनही पाहिला. मी तर एम.ए. मानसशास्त्र, मी माझ्या परीनं त्याला एक मोठं थोरलं नाव देऊन टाकलं होतं. तुम्हीही कचेऱ्यांमधून अशी माणसं पाहिली असतील. त्यांची एखादी लकब असते, आपण ती चहाबरोबर चघळतो आणि समजतो, आपल्याला माणूस कळला.

नागपुरातल्या एका बी.एड. कॉलेजच्या मागच्या अंगाला आमचं मार्गदर्शन केंद्र. दोन खोल्या, चार कपाटं आणि घरघर करणारा एक कूलर, जो हवेपेक्षा पाणीच जास्त फेकायचा. मी तिथं समुपदेशक म्हणून लागलो त्याला आता बारा वर्षं झाली. बाई त्याआधीपासून तिथंच. कागदावर प्रयोगशाळा सहायक. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात चाचण्यांची पुस्तकं, दोन स्टॉपवॉच आणि उंदीर नसलेला एक उंदरांचा भुलभुलैया. बाई मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. लग्न केलं नाही. पांढऱ्यावर बारीक काठाची सुती साडी, आणि काठ कोणत्या मागावरचा हे विचारलं तर अर्धा तास गेलाच समजा.

आमचं वर्षाचं मोठं काम एकच. संस्था तालुक्यांतल्या मुलांसाठी दोन वर्षांचा निवासी विज्ञानवर्ग चालवते. दहावीची परीक्षा झाली की मार्चमध्ये आम्ही मुलांची शंभर गुणांची एक चाचणी घ्यायची आणि एप्रिलमध्ये यादी लावायची. ज्याची पर्सेंटाइल रँक पंचाहत्तर किंवा वर, तो आत. पुस्तकात तिला शततमक क्रमांक म्हणतात, पण पुस्तकाबाहेर तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांना सांगता सांगता माझा घसा बसायचा. बाई ते एका मिनिटात सांगायच्या. केंद्र सुरू झालं त्या पहिल्या वर्षी जिल्ह्यातल्या चारशे मुलांनी ही चाचणी दिली होती. त्यांच्या गुणांचा तक्ता एका लाल कापडी पाठीच्या रजिस्टरमध्ये होता. दहा-दहा गुणांचे वर्ग, सगळ्यांत मोठे गुण वर, लहान खाली, आणि प्रत्येक मुलामागे एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही त्याच चारशे जणांच्या शेजारी उभं करून मोजत होतो. इतक्या जुन्या तक्त्यावर आजची मुलं मोजणं शास्त्राला धरून नाही, असं मी संस्थेला दरवर्षी लिहून द्यायचो. संस्था दरवर्षी पुढच्या वर्षी पाहू म्हणायची.

तर बाई त्या तक्त्यावर मुलाच्या ओळीखाली पट्टी ठेवायच्या आणि पालकांना म्हणायच्या, "पट्टीच्या खाली किती आहेत ते पाहा. वरचे आपल्या हिशेबात नाहीत." शंभरातले किती जण पोराच्या खाली राहिले, एवढीच ती रँक. माणसं समाधानानं घरी जायची. वरच्यांकडे पाहू नका हे आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगितलेलं असायचं.

अडचण असायची ती मधल्या ओळीची. पट्टीच्या खालचे सरळ मोजले, पण पोरगं ज्या वर्गात आहे त्या वर्गातले किती त्याच्या खाली? रेघा तर सगळ्या सारख्या. कोणाला साठ होते, कोणाला एकोणसत्तर, हे सांगणाऱ्या उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेलेल्या. मी एकदा कुरकुर केली तेव्हा बाईंनी मला फणी समजावली. फणी म्हणजे मागावरची दातेरी चौकट, तिच्यातून ताण्याचे उभे धागे जातात. इंचात चाळीस धागे असले तर अर्ध्या इंचात वीस धरायचे, एकेक मोजत बसायचं नाही. "एकदा वर्गात गेलं सर, की कोण कुठं बसलं ते कळत नाही. सारे सारख्या अंतरानं बसले असं धराचं आन् पुढं चालाचं." सूत्र मी कॉलेजात पाठ केलं होतं. समजलं त्या दिवशी, कूलरच्या शिंतोड्यांत उभं राहून.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी ठरवलं की हे पट्टी-रजिस्टर बंद. सगळा तक्ता कॉम्प्युटरवर चढवला, सूत्र भरलं, गुण टाकले की रँक बाहेर. त्या एप्रिलमध्ये बाई पुतणीच्या लग्नाला आठवडाभर उमरेडला होत्या. मी दुपारभरात यादी काढली, सही घेतली, फलकावर लावली, आणि घरी जाताना स्वतःवर खूश होऊन तर्री-पोहे खाल्ले.

बाई परत आल्या, लग्नाचे लाडू वाटले आणि विचारलं, "चौसष्ट कोणाले?"

मी हसत हसत कळ दाबली. भिवापूरच्या एका मुलीला होते.

"आत हाय ना?"

"नाही ना बाई. थोडक्यात हुकली. पावणेपंचाहत्तर." आमच्या नियमात वरच्या आकड्यात ओढून घ्यायला परवानगी नव्हती. पाव कमी म्हणजे बाहेर.

लाडवाचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. रजिस्टर काढलं, साठ ते एकोणसत्तरच्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "काहून गा सर, साठपासून मोजलं काय?"

सर म्हणून वर गा लावायच्या तेव्हा आपलं काहीतरी चुकलंय हे मला तोवर कळायला लागलं होतं. मी पाहिलं. वर्ग साठपासून सुरू होतो म्हणून मी सूत्रात साठ भरले होते. भरायला हवे होते साडेएकोणसाठ. खालचा वर्ग एकोणसाठवर संपतो, वरचा साठवर सुरू होतो, मधे एक गुणाची फट राहते. ती फट सोडून देता येत नाही. दोन घरांच्या मधल्या भिंतीसारखी ती अर्धी याची, अर्धी त्याची. बी.एड.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरांना मी हे शिकवत होतो, आणि माझ्याच हातून राहिलं होतं.

मी सगळी यादी पुन्हा काढली. बाकी कोणाचं काही बदललं नाही, आतले आत, बाहेरचे बाहेर. एकटी ती मुलगी आत यायला हवी होती. प्रवेशाचे अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतच घेणार होते. मी सचिवांपुढे जाऊन चूक कबूल केली, लिहून दिली. ते म्हणाले, उद्या बाराच्या आत अर्जावर तिची आणि पालकांची सही आणा, नाहीतर जागा गेली. मुलीच्या अर्जावर शाळेचा फोन होता आणि शाळेला सुट्टी लागली होती. मी फोन लावतच बसलो. बाईंनी तोवर पिशवीत कोरा अर्ज, रजिस्टर आणि पट्टी घातली होती. चप्पल चढवून म्हणाल्या, साडेअकराची गाडी हाय.

भिवापूरला उतरल्यावर पत्ता विचारत गेलो तो मिरचीच्या एका मोठ्या आवारात. बायका ओळीनं बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडत होत्या. भिवापूरची मिरची म्हणजे नावाजलेली तिखट, त्यातून एप्रिल. आत पाऊल टाकलं आणि मला शिंका सुरू झाल्या त्या निघेपर्यंत थांबल्या नाहीत. पुढचा सगळा प्रसंग मी रुमालामागून पाहिलेला आहे.

मुलगी आईशेजारी बसून देठ खुडत होती. बारीक, काळीसावळी, तोंडाला ओढणी बांधलेली. मी शिंकत शिंकत सांगितलं की यादीत चूक झाली होती, तुझी निवड झालीय, इथं सही कर. आई उठून उभी राहिली. मुलगी जागची हलली नाही.

"यादी तर लागली," ती म्हणाली. "मी सरांच्या मोबाईलवर पाह्यली. आता कशी वाढली? कोणाची चिठ्ठी आणली काय माझ्या बाबानं?"

मी म्हटलं, नाही गं, हिशेबाची चूक होती. तिनं मान हलवली. "मले दया नको. मी पुढच्या साली आणखी कुठली परीक्षा देईन."

मी घड्याळ पाहिलं, दोन वाजत होते. अशा वेळी माझ्यासारखा माणूस समजूत घालायला लागतो, आणि समजूत घालणं हा तर माझा धंदा. बाईंनी मला हातानं थांबवलं. एका पोत्यावर बसल्या, रजिस्टर मांडीवर उघडलं.

"इकडं ये वं. माह्यावर भरोसा ठेवू नको. तूच कर."

मुलगी आली. बाईंनी ओळीखाली पट्टी ठेवली. खाली किती? मुलीनं खालच्या ओळी एकेक करून जोडल्या, दोनशे त्र्याऐंशी. या ओळीत किती? तिनं रेघा मोजल्या, पाचाचे आठ जुडगे, चाळीस. दहा गुणांत चाळीस पोरं, मग एका गुणात? चार. आता सांग, वर्ग कुठून सुरू होतो?

"साठपासून," मुलगी म्हणाली.

बाई पट्टी तशीच धरून बसल्या. मी पुढं झुकून सांगायला गेलो तर शिंक आली. मुलगी त्या दोन ओळींकडे पाहत राहिली, मिरचीनं लाल झालेलं बोट एकोणसाठवरून साठवर, साठवरून एकोणसाठवर फिरवत. मग हळूच म्हणाली, "मधातली जागा कोणाची?"

"तूच सांग."

"अर्धी खालच्याची. अर्धी... अर्धी आमची." आणि तिथून तिला कोणी सांगावं लागलं नाही. चौसष्टपर्यंत चार नाही, साडेचार गुण. साडेचार चोक अठरा. दोनशे त्र्याऐंशीत अठरा मिळवले, तीनशे एक. चारशेतले तीनशे एक, तर शंभरातले सव्वापंचाहत्तर. तिनं ते दोनदा केलं. मग हात ओढणीला पुसले, आईची सही घेतली आणि खाली स्वतःची केली. तिच्या बोटाचा लालसर ठसा त्या अर्जावर कोपऱ्यात उमटलेला होता, सचिवांनी त्याबद्दल मला विचारलंही.

मी इतकी वर्षं मुलांना आत्मविश्वास देण्यावर भाषणं देत आलो आहे. खरं सांगतो, त्या पोत्यावर बसलेल्या बाईपुढं मला माझी सगळी भाषणं फुकट वाटली.

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट विचारली. इतक्या आकड्यांत चौसष्टच का? बाईंनी सांगितलं की या तक्त्यात तेवढा एकच आकडा असा आहे. त्रेसष्टवाला अर्धा गुण धरला तरी बाहेरच, पासष्टवाला नाही धरला तरी आतच. चौसष्टवालं पोरगं मात्र त्या अर्ध्यानं आत जातं, नाही तर बाहेर राहतं. मी तिथंच बोटांवर करून पाहिलं. खरंच तसं होतं. मी म्हटलं, बाई, हे तुमच्या ध्यानात आलं तरी कधी?

गाडी उमरेडच्या स्टँडवर थांबली होती. शेंगदाणेवाला खिडकीशी आला, बाईंनी दहाचे घेतले, अर्धे माझ्या हातावर ओतले.

"मलेही चौसष्टच होते ना सर."

त्या चारशे मुलांतल्या त्या एक होत्या. पहिल्याच वर्षी चाचणी दिली, यादीत नाव नाही आलं. घरी कांड्या भरायला बसल्या, म्हणजे मागावरच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. तीन वर्षं ते केलं. मग केंद्राला एक परिचर हवी होती, तिथं लागल्या. केंद्राचे पहिले प्रमुख असलेले सर त्यांना स्वभावानं फार आवडायचे. पोरीला आकडे आवडतात हे पाहून त्यांनी फावल्या वेळात तिला तक्ता शिकवला. सूत्र सांगताना ते साठ म्हणाले. बाईंनी त्या दिवशी घरी जाऊन स्वतःचे गुण घालून पाहिले, साठ धरून एकदा आणि साडेएकोणसाठ धरून एकदा.

माझ्या हातातले दाणे तसेच राहिले. "मग तुम्ही सरांना काय म्हणालात?"

"दुसऱ्या दिवशी चहा नेऊन देला आन् विचारलं, सर, ही मधातली जागा कोणाची? लय वेळ पाहत राह्यले कागदाकडं. मंग म्हणाले, अरे, बरं झालं वेळेवर सापडलं."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो सर."

एवढंच. त्या वर्षीपासून हिशेब नीट झाला. सर आणखी पंधरा वर्षं तिथं होते, बाई रोज त्यांना चहा देत होत्या, आणि ती गोष्ट त्यांना कधी कळली नाही. मी विचारलं, का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, चांगला माणूस होता, त्याले झोप नसती लागली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्यानं मुद्दाम नोयतं केलं. तुम्हीबी नाही केलं. खा ना दाणे."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे पुसले तर त्यांना मिरचीचं वाटलं असेल. वाटू दे. मी आयुष्यात मोठमोठी माणसं व्यासपीठावर पाहिली आहेत, काहींच्या पायाही पडलो आहे. पण एवढ्या उंचीचं माणूस माझ्या शेजारी बसून, एसटीच्या फाटक्या सीटवर, दाण्यांची टरफलं कागदाच्या पुडीत नीट गोळा करत होतं, आणि मला ते तीन वर्षं चहा करून देत होतं.

बाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि उमरेडला भावाकडे राहायला गेल्या. जाताना पट्टी माझ्या खणात ठेवली. दर एप्रिलला त्यांचा फोन यायचा, प्रश्न तुम्हाला माहीत आहे. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. या एप्रिलला फोन वाजला तेव्हा मी सवयीनं झडप घालून उचलला, तर संस्थेतून होता. नव्या तक्त्याला मंजुरी मिळाली. बारा वर्षं मागत होतो ते मिळालं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

भिवापूरची मुलगी आता नागपूरच्या विमानतळाजवळ, मिहानमध्ये, एका कंपनीत विमानांच्या दुरुस्तीचं काम करते. बाईंचं कळल्यावर एका रविवारी केंद्रात आली. मी तिला उमरेडच्या स्टँडवरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, रजिस्टर दाखवा. साठ ते एकोणसत्तरच्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "यातली बाईंची रेघ कोणती?"

चाळीस रेघा. पाचाचे आठ जुडगे, निळ्या शाईतले, सगळे एकसारखे. मीही ती शोधली होती, तिच्याआधी कितीतरी वेळा, भिंगसुद्धा लावून. मी तिला बाईंचंच उत्तर दिलं. एकदा वर्गात गेलं की कोण कुठं बसलं ते कळत नाही.

जुन्या तक्त्यावरची शेवटची यादी मी याच एप्रिलमध्ये काढली. कॉम्प्युटरनं काढली आणि मग पट्टी घेऊन हातानंही काढली. शेवटचं नाव कन्हानच्या एका मुलाचं होतं, एकाहत्तर गुण. त्याचे वडील समोर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. पोराचं नक्की झालं का, एवढंच त्यांना हवं होतं. मी ओळीखाली पट्टी ठेवली आणि म्हटलं, वरचे आपल्या हिशेबात नाहीत, खाली किती आहेत ते पाहा.

त्यांनी वाकून पाहिलं. पट्टीखाली पूर्ण वर्गच्या वर्ग होते, तीनशे तेवीस जण. "एवढी पोरं माह्या पोराच्या खाली?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांत एक आमच्या बाई आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.